आजारांची नोंद : कोतवाल बुक ते कोड नंबर



आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात 'कोतवाल बुक' हा शब्द माहीत नाही असे घर सापडणे कठीण. जातपडताळणीची वेळ आली की आजोबा-पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली नक्कल शोधायला माणसे तहसील कचेरीच्या चकरा मारतात. नक्कल मिळाली की जातीचा रकाना पाहतात, तारीख पाहतात, आणि कागद फाईलला लावतात. त्याच ओळीत, मृत्यूची नोंद असेल तर, आणखी एक रकाना असतो. माणूस कशाने मेला हे सांगणारा. त्याकडे सहसा कोणी बघत नाही. आज मला त्या रकान्याविषयी लिहायचे आहे.

इंग्रजांच्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाडात गावातला जन्म आणि मृत्यू कळवण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. कोतवाल गावातून माहिती गोळा करायचा, स्वतःला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचा आणि ती नोंद पोलीस ठाण्याला पोहोचवायचा. तिथून आकडे जिल्ह्याला, जिल्ह्यावरून प्रांताला जायचे. सरकारी अहवालात मृत्यूच्या कारणांचे मोजकेच कप्पे असत : पटकी म्हणजे कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात-इजा, आणि शेवटी 'इतर सर्व'. यांत सर्वांत मोठा कप्पा असायचा तापाचा. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षयाचा ताप, सगळे त्या एकाच शब्दात जायचे. अंग गरम होऊन माणूस गेला, म्हणजे ताप. कोतवालाचा यात काय दोष? तो काही डॉक्टर नव्हता. आणि डॉक्टर तरी कुठे होता? चांद्याहून सिरोंचाला जायला तेव्हा किती दिवस लागत, हे आमच्या वडिलांच्या पिढीला विचारायला हवे होते.

पण याचा परिणाम काय झाला, ते पाहा. तापाने इतके मेले, एवढेच सरकारला कळले. त्यातले किती हिवतापाने आणि किती बाळंतपणात, हे कळले नाही. मग कोयनेल कुठे पाठवायचे आणि सुईण कुठे तयार करायची, हे ठरणार कसे? सांगायचा मुद्दा हा की आजाराला नेमके नाव मिळाले नाही तर त्याच्यावर उपाय करण्याची पाळीच येत नाही.

हे दुखणे फक्त आपलेच नव्हते. लंडन शहरात सोळाव्या-सतराव्या शतकापासून मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. प्लेग आला की नाही, हे श्रीमंतांना वेळेवर कळावे आणि गाव सोडून जाता यावे, हा त्याचा एक उपयोग. प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. त्यांना 'सर्चर्स' म्हणत. १६६२ मध्ये जॉन ग्राँट नावाच्या कापड व्यापाऱ्याने या पत्रकांचा अभ्यास करून एक पुस्तक काढले. त्यातल्या कारणांच्या यादीत 'दात', 'अचानक', 'दुःख', 'घाबरून' अशीही कारणे आहेत. आपल्याला आज हसू येते, पण आपल्याकडे आजही "म्हातारपणाने गेले" किंवा "हाय खाऊन गेले" असे आपण सहज म्हणतोच की.

पुढे १८३९ पासून इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार या माणसाने हा गोंधळ निस्तरायला घेतला. एकाच आजाराला तीन-चार नावे, आणि एकाच नावाखाली तीन-चार आजार, अशी स्थिती असताना आकडे जमवून उपयोग काय, असे त्याचे म्हणणे होते. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेने त्याला आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पिनला सगळ्या देशांसाठी एक यादी करायला सांगितले. १८६० मध्ये लंडनच्या परिषदेपुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी इस्पितळातल्या आजारांचीही एकसारखी नोंद व्हावी, असा प्रस्ताव मांडला. आपण शाळेत त्यांचा धडा शिकवला तो हातात दिवा घेतलेल्या परिचारिकेचा. त्यांचा खरा जीव आकडेवारीत होता, हे मला निवृत्तीनंतर वाचनात आले. १८९३ मध्ये शिकागोला जाक बर्तियों या फ्रेंच माणसाने मांडलेली यादी स्वीकारली गेली, आणि १९०० पासून दर दहा वर्षांनी ती सुधारायची असे ठरले. १९४८ मध्ये हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. तोपर्यंत ही यादी मुख्यतः मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत जिवंत माणसांचे आजारही आले. दहावी आवृत्ती १९९० ला मंजूर झाली, अकरावी २०१९ ला, आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

या यादीत प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे मिळतात. दहाव्या आवृत्तीतली आपल्या जंगलपट्टीची उदाहरणे देतो, म्हणजे पटकन कळेल. मेंदूत गेलेला हिवताप बी ५०.०. सिकलसेलचे विकार डी ५७. साधी कंबरदुखी एम ५४.५. विषारी सापाशी गाठ एक्स २०. मोहावरून किंवा चारोळीच्या झाडावरून पडला तर डब्ल्यू १४, म्हणजे 'झाडावरून पडणे'. याला स्वतंत्र क्रमांक आहे हे वाचून मला फार बरे वाटले. जिनिव्हात बसलेल्या माणसांनाही आमच्या माणसाचे झाड आठवले म्हणायचे! वाघासाठी मात्र वेगळा क्रमांक नाही. त्याला इतर सस्तन प्राण्यांबरोबर डब्ल्यू ५५ मध्ये बसावे लागते. ब्रह्मपुरी-मूलकडच्या लोकांना हे पटणार नाही.

आता तुम्ही विचाराल, गुरुजींना या वयात हे कुठून सुचले? त्याला कारण आमच्या मोठ्या वहिनींची पाठ.

काही वर्षांपूर्वी वहिनींच्या कंबरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात झाली. पायाची कळ गेली. पण तिसऱ्या दिवशी उठून बसल्या आणि डोके धरून पुन्हा आडव्या झाल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, बसलं की डोकं फुटते, निजलं की बरं वाटते. हे काय नवीन बाप्पा?" डॉक्टरांनी सपाट निजवून ठेवले, सलाईन दिले, मुक्काम आठवडाभर लांबला. बिलही लांबले. सुटीच्या कार्डावर लिहिले होते : मणक्याची चकती सरकली, शस्त्रक्रिया केली, प्रकृती समाधानकारक. डोकेदुखीचा आणि त्या आठवड्याचा एक शब्दही नाही.

पाच वर्षांनी वरच्या मणक्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली. नवे डॉक्टर शांत स्वभावाचे. त्यांनी जुने कार्ड उलटसुलट पाहिले आणि विचारले, "मागच्या वेळी पडदा फाटला होता का?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मग वहिनींनीच ती डोकेदुखी सांगितली. डॉक्टर म्हणाले, "हे माहीत असणं फार गरजेचं होतं. तिथं सगळं चिकटलेलं असणार, जपून जावं लागेल." ते जपून गेले, सगळे ठीक झाले. पण माझ्या डोक्यात ते कोरे कार्ड राहिले.

हा पडदा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे जाड आवरण म्हणजे ड्यूरा मेटर. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'कठीण आई'. हे नाव मुळात अरबी. अरबी वैद्यकाचा एक मोठा ग्रंथ अँटिऑकच्या स्टीफनने ११२७ च्या सुमारास लॅटिनमध्ये नेला, त्यात हा शब्द जसाच्या तसा भाषांतरित झाला. अरबीत वेढून सांभाळणाऱ्या वस्तूला आई म्हणायची पद्धत. हिंदी परिभाषेत याला दृढतानिका म्हणतात. शब्द अचूक असेल, पण त्यात आई राहिली नाही.

या आवरणाच्या आत पाण्यासारखा द्रव असतो, त्यात मेंदू जणू तरंगतो. आवरणाला भोक पडले की द्रव झिरपतो, आतला दाब कमी होतो, आणि माणूस उभा राहिला की डोके ठणकते. आडवे झाले की थांबते. ही गोष्ट पहिल्यांदा नीट अनुभवली ती जर्मनीतल्या कील गावच्या ऑगस्ट बिअर या सर्जनने. १८९८ च्या ऑगस्टमध्ये त्याने पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची पद्धत काढली आणि आपल्या सहायकासह स्वतःवरच प्रयोग केला. सहायकाच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, दुखले नाही! दोघांनी आनंदाने मद्य आणि चिरूट घेतले. दुसऱ्या दिवसापासून बिअरसाहेब नऊ दिवस डोकेदुखीने अंथरुणात. आजही सीझरच्या वेळी पाठीत सुई दिल्यावर काही बायकांना होते ते हेच. १९६० मध्ये जेम्स गॉर्मली या डॉक्टरने यावर एक साधा उपाय सांगितला : रुग्णाचेच थोडे रक्त काढून त्या जागी टोचायचे, ते गोठले की भोक बुजते. सायकलच्या ट्यूबला पंक्चर लावतात, तसेच.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत हे आवरण फाटण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात एकापासून सतरापर्यंत आढळते. पहिल्यांदाच होणारी शस्त्रक्रिया की दुसऱ्यांदा, रुग्णाचे वय किती, यावर ते बदलते. आणि कोण किती प्रामाणिकपणे लिहून ठेवतो यावरही ते अवलंबून असणार, असे माझे मत.

आता क्रमांकाची गंमत पाहा. अमेरिकेत २००८ पर्यंत या फाटण्याला स्वतःचा क्रमांक नव्हता. शस्त्रक्रियेत चुकून आतडे कापले गेले काय आणि हे आवरण फाटले काय, दोन्ही ९९८.२ या एकाच खात्यात, 'अनवधानाने झालेली इजा' म्हणून. मणक्याचे सर्जन यावर नाराज असत. त्यांचे म्हणणे, वय झालेल्या किंवा एकदा उघडलेल्या पाठीत हा पडदा हाडाला चिकटून कागदासारखा होतो, कितीही हळुवार हात लावला तरी फाटतो, बहुतेक वेळा तिथल्या तिथे शिवला जातो आणि रुग्ण बरा होतो. याला हलगर्जीपणा कसे म्हणता? १ ऑक्टोबर २००८ पासून ३४९.३१ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला, आणि शस्त्रक्रियेशिवाय फाटलेल्या आवरणाला ३४९.३९. २०१५ मध्ये त्यांनी दहावी आवृत्ती घेतली तेव्हा हेच जी ९७.४१ आणि जी ९६.११ झाले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपोआप होणाऱ्या गळतीला आणखी वेगळे क्रमांक दिले. सर्जन लोक 'ओघात झालेला छेद' म्हणतात, क्रमांकाच्या वर्णनात अजून 'अनवधानाने' हाच शब्द आहे. एका शब्दावरून एवढी ओढाताण का? तिकडे त्या शब्दावर दवाखान्याची प्रतवारी, विम्याचे पैसे आणि कोर्टातले दावे अवलंबून असतात, म्हणून.

आणि इथेच मला आमच्या वहिनींच्या कोऱ्या कार्डाचे कारण थोडेसे उमगले. लिहिले की दोष आपल्या माथी येईल, ही भीती. ज्या व्यवस्थेत नोंद म्हणजे कबुलीजबाब होतो, तिथे नोंद होणारच नाही. म्हणून सर्जनांची वेगळ्या क्रमांकाची मागणी मला योग्य वाटते. त्यात त्यांचा स्वार्थ असेल, पण रुग्णाचाही फायदा आहे. मात्र या भीतीची किंमत पाच वर्षांनी दुसऱ्या टेबलावर निजलेल्या बाईने का द्यावी, याचे उत्तर मला मिळाले नाही.

आपल्या देशात १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यू नोंदणी सक्तीची झाली. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टरने नमुना ४ मध्ये आणि घरी झाला तर ४-अ मध्ये कारण लिहून द्यायचे. तरीही २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते फक्त साडेबावीस टक्के. बाकीच्यांची गत कोतवाल बुकापेक्षा फार वेगळी नाही. २०२३ च्या दुरुस्तीने सर्व दवाखान्यांना कारणाचे प्रमाणपत्र देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाईकाला मोफत देणे बंधनकारक केले आहे. ही गोष्ट घरातल्या मुलांना सांगून ठेवा.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला आपल्या चंद्रपुरातून वेगळा झाला. चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था काढली. (लंडनच्या त्या 'सर्चर्स' म्हाताऱ्या आठवल्या ना? मलाही आठवल्या.) बाळे मरतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. कशाने मरतात, हे कागदावर नव्हते. बाळ घरी जन्मले, घरीच गेले, डॉक्टरने पाहिलेच नाही. मग बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर आईशी, घरच्यांशी बोलून कारण ठरवण्याच्या कसोट्या तयार केल्या, आणि त्या १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आल्या. बाळाचा श्वास जोरात चालत होता का? पोट उडत होते का? दूध कधी सोडले? आपल्याकडे आया ज्याला 'डब्बा' म्हणतात, तो न्यूमोनिया. आईच्या शब्दाला शास्त्राने कान दिला, आणि ताप नावाच्या त्या जुन्या मोठ्या कप्प्यातून न्यूमोनिया वेगळा झाला, जंतुसंसर्ग वेगळा झाला. वेगळा झाला म्हणून औषध ठरले, गावातल्याच बायकांना ते द्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : ३९ गावांत, ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्या तुलनेत, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

त्याच संस्थेने पुढे कंबरदुखी मोजायला घेतली. वाकून रोवणी करणारी, तेंदूपत्ता तोडणारी, डोक्यावर मोळी वाहणारी बाई "कंबर दुखते" म्हणाली तर आजवर तिला कोण विचारत होते? २०२१ मध्ये त्यांनी ग्रामीण गडचिरोलीतली पाठदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथे येऊन शस्त्रक्रिया करतात. दृढतानिका आता आपल्या जंगलातही शिवली जाते म्हणायची.

क्रमांकांचे राज्य आपल्याकडे दुसऱ्या वाटेनेही आले. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. पिवळे-केशरी रेशनकार्ड, वर्षाला कुटुंबामागे दीड लाख, आणि साडेनऊशेहून जास्त उपचारांची यादी. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. यादीत उपचार बसला तर मोफत, नाही बसला तर पदरचे. म्हणजे एटापल्लीच्या माणसाच्या आजाराला नीट नाव मिळते की नाही, यावर त्याचा बैल विकला जातो की वाचतो, हे ठरू लागले.

शाळेत आमच्याकडे दाखल-खारीज रजिस्टर असे. शेवटचा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण'. 'सतत गैरहजर', 'पालकांचे स्थलांतर', 'मयत', एवढे तीन-चार शब्द पुरत. सतत गैरहजर म्हणजे गुरे चारायला गेला की धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिली, की सिकलसेलच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, हे त्या दोन शब्दांतून कोणाला कळणार? तालुक्याला तर फक्त आकडा जायचा. शिक्षक म्हणून छत्तीस वर्षे हा रकाना पाहिलेल्या माणसाला आजारांच्या क्रमांकांचे कौतुक वाटले तर नवल नाही.

यावर काही जण म्हणतील, माणसाचे दुःख आकड्यात मावते का? मावत नाही, हे मलाही कळते. जी ९७.४१ मध्ये वहिनींचे ते आठ दिवस नाहीत. पण तो क्रमांक कार्डावर असता तर पुढच्या डॉक्टरला चिठ्ठी पोहोचली असती. मला तेवढेच हवे होते.

म्हणून नातेवाईकांना आणि मित्रांना दोन विनंत्या. दवाखान्यातून सुटी घेताना कार्ड घरी येऊन वाचू नका, तिथेच वाचा. जे घडले ते सगळे लिहून मागा, भांडायला नव्हे, पुढच्या डॉक्टरसाठी. आणि ते कागद लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात टाकू नका.

दुसरी विनंती जुन्या लोकांना. तुमच्याकडे कोतवाल बुकाची नक्कल असेल तर कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते मला कळवा. तसेच डब्ब्यासारखे आजारांचे आपले जुने शब्द, माडिया-गोंडी असोत की झाडीबोलीतले, आठवतील तेवढे प्रतिक्रियेत लिहा. मी एक वही केली आहे. सध्या त्यात एकोणीस शब्द झाले आहेत.